बारा सळयांचा मालक

ताइफ,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

श्री. विपुल गायधनी यांस,

जेद्द्यातील मराठी मंडळींच्या दिवाळी अंकात पृष्ठ एकेचाळीसवर तुम्ही लिहिता : "मे २०१२ मध्ये, एका शनिवारी, सुट्टीचा दिवस साधून खांबेटे सर आम्हांला शफ्याच्या डोंगरावर घेऊन गेले." मे २०१२ मध्ये या देशात शनिवारी सुट्टी नसे. ती गुरुवारी आणि शुक्रवारी असे. शनिवारची सुट्टी जून २०१३ च्या अखेरीस लागू झाली. आपण त्या दिवशी कामावर होतो की सहलीला, हे ज्याला आठवत नाही, त्याने पुढची पाच पाने लिहू नयेत. तुम्ही ती लिहिलीत, म्हणून मला हे पत्र लिहावे लागत आहे.

प्रारंभी 'चि.' नाही आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'ही नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. ते अनवधान नव्हे. तुम्ही माझे साहाय्यक होतात तेव्हा मी तुम्हांला 'अरे विपुल' म्हणत असे. तो अधिकार मी परत करीत आहे.

अंक मला माझ्या नातीने, तन्वीने, तिच्या फोनवर दाखवला. "आजोबा, यू आर फेमस," असे म्हणाली. ती तेरा वर्षांची आहे, इथल्या भारतीय शाळेत इंग्रजीतून शिकते, आणि मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी अडते. तुमच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद तिने मोठ्याने वाचला. माझी मुलगी मंजिरी रुग्णालयातल्या कामावरून नुकतीच आली होती. तिने तो स्वयंपाकघरातून ऐकला. अपमान असा अक्षर लावत, सावकाश वाचला गेला की फार वेळ पुरतो.

तो परिच्छेद तुमच्याच शब्दांत इथे उतरवतो, म्हणजे पुढे 'मी असे म्हटलेच नाही' असे म्हणण्याची सोय राहणार नाही :

"सरांनी ऑस्ट्रियातल्या स्प्रूसच्या जंगलात घेतलेला धडा जसाच्या तसा इथल्या जुनिपरला लावला. मेलेली झाडे उचला, जमीन स्वच्छ करा, असा अहवाल त्यांनी सहीनिशी दिला. मी विरोध केला. पण सहाय्यकाचे कोण ऐकतो? पुढे काय होणार हे दाखवण्यासाठी मी माझ्या हाताने बारा सळया डोंगरात ठोकून ठेवल्या. जंगल गेले, सळया राहिल्या. सरांना मी केव्हाच क्षमा केली आहे."

शब्द 'साहाय्यक' असा आहे. बाकीचे असे.

१९७९ ते १९८१ या काळात मी ऑस्ट्रियाच्या डोंगरांत स्प्रूसच्या वनांच्या मातीवर काम केले. झाडाच्या सालीखाली किडा लागला की ते झाड तोडून तत्काळ वनाबाहेर न्यावे, हा नियम तिथे आहे, आणि खालच्या, माणसांनी लावलेल्या वनांत तो योग्यही आहे. परंतु उंचावर, जिथे खडकावर माती जेमतेम असते, तिथले म्हातारे वनरक्षक पडलेल्या ओंडक्याला हात लावू देत नसत. स्प्रूसचे रोप दाट गवतात तग धरत नाही. ते कुजत्या ओंडक्याच्या पाठीवर उगवते, त्याचाच ओलावा पिते. पुढे ओंडका नाहीसा होतो, आणि शिस्तीत उभी राहिलेल्या मुलांसारखी एका रांगेतली झाडे तेवढी दिसतात. ऑस्ट्रियातून मी हा धडा आणला. तुम्ही २००८ मध्ये माझ्याकडे कामाला लागलात, त्याच्या पहिल्या आठवड्यात तो तुम्हांला सांगितला होता. तुम्ही लिहूनही घेतला होतात.

शफ्याच्या उतारावरचे जुनिपर, ज्याला इथले लोक अरअर म्हणतात, ते शेंड्याकडून वाळू लागले तेव्हा मी म्हटले होते की, मेलेले झाड इथे कचरा नव्हे. त्याच्या फांद्यांखाली धुके टिकते, माती अडते, रोप उन्हापासून वाचते. विरोध कोणी कोणाला केला, हे त्या दिवशी तिथे असलेल्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी आता दोघेच उरलो आहोत, आणि त्यांतला एक खोटे बोलतो.

माती किती वाहून जाते ते मोजण्याच्या त्या सळया मी ठोकल्या. वही माझ्या पत्नीने, सुधाने, धरली होती. त्याला पाच दिवस लागले, आणि तुम्ही ते पाचही दिवस जेद्द्याला होतात.

आता हे सारे केवळ दिवाळी अंकापुरते असते, तर मी एक जळजळीत पोस्टकार्ड लिहून गप्प बसलो असतो. परंतु खालचा उतार मेला, तरी वरचा तीनशे हेक्टरांचा उतार अजून हिरवा आहे, आणि तिथल्या वृक्षलागवडीचे प्रमुखपद तुम्हांला हवे आहे. जानेवारीत तिथे यंत्राने चर खणून पाच लाख रोपे लावण्याचा तुमचा बेत आहे. हाच लेख इंग्रजीत करून तुम्ही अर्जाला जोडला आहे. बारा सळया हा तुमच्या दूरदृष्टीचा पुरावा आहे. थुवालच्या विद्यापीठातील डॉ. निदा निवड समितीच्या सचिव आहेत. त्यांनी तुमच्याविषयी माझे मत मागवले आहे. बिचाऱ्यांना वाटले, जुने गुरू आहेत, चार बरे शब्द लिहितील.

मला खुलासा नको. क्षमायाचना तर मुळीच नको. मी जिवंत आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि समितीचे पत्र माझ्या टेबलावर आहे, एवढेच कळवतो.

दत्तात्रय खांबेटे


ताइफ,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

श्री. गायधनी,

पत्राचे उत्तर पत्राने द्यावे. तुम्ही फोन केलात, तोही मंजिरीला. तिने तो माझ्यापुढे धरला, म्हणून आपले संभाषण झाले. ते इथे नोंदवून ठेवतो.

"सर, किती मनावर घेताय! दिवाळी अंकातला लेख आहे तो, थीसिस नाही."

"थीसिस चार जण वाचतात. दिवाळी अंक माझी नात वाचते."

"बरं, चुकलं असेल एखादं वाक्य. पण अहवालावर सही तुमचीच आहे ना, सर?"

तेव्हा मी फोन बंद केला. तुम्ही त्याचा अर्थ 'म्हातारा निरुत्तर झाला' असा लावला असेल. त्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देण्याजोगे नव्हते. ते लेखी देत आहे.

होय. सही माझी आहे.

माझा इंग्रजी अहवाल चौतीस पानांचा होता. मेलेली झाडे उचलू नयेत, ढासळलेले जुने दगडी बांध पुन्हा रचावेत, पाच वर्षे शेळ्या आत सोडू नयेत, आणि दर पावसाळ्यानंतर सळयांपाशी माती मोजावी, असे त्यात लिहिले होते. त्याला एक अरबी पान जोडायचे होते. इंग्रजी आणि अरबी मजकुरांत फरक पडला तर अरबी मजकूर खरा धरला जातो, हे इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला, मग तो टँकर चालवणारा असो की शस्त्रक्रिया करणारा, पहिल्या महिन्यात कळते. मलाही ते ठाऊक होते. तुम्ही ते पान घेऊन माझ्याकडे आलात. मी विचारले, "काय लिहिले आहे?" तुम्ही म्हणालात, "तेच आहे सर, तुमचंच. थोडक्यात." मी सही केली.

त्या पानावर लिहिले होते की, खालच्या उतारावरील सर्व मृत लाकूड आणि पाचोळा तातडीने काढावा.

सतरा वर्षे या देशात काढून मला अरबी वाचता येत नव्हते. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, इकामा या निवास-परवान्यावरचे स्वतःचे नाव, एवढ्यापुरती अक्षरओळख होती. तुमच्यासारख्या तरुणांनी अरबी शिकावे आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहावे, अशी आम्हा जुन्यांची सवय. दुसऱ्यांच्या मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा मी, वाचता न येणाऱ्या पानावर सही करून मोकळा झालो. ही चूक माझी. तुमच्या लेखाचे शीर्षक 'गुरूंची एक चूक' असे आहे. शीर्षक बरोबर आहे. मजकूर खोटा आहे.

सही कुठे केली, कोणत्या घाईत केली, हे इथे लिहिण्याचे कारण नाही.

पुढचे तुम्हांला माहीत आहे, पण तुमच्या लेखात ते अडीच ओळींत उरकले आहे, म्हणून मी सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये एकशेवीस हेक्टर उतार तीन आठवड्यांत झाडून काढण्यात आला. ओंडके ट्रकांतून गेले. दाताळ्यांनी पाचोळा ओढला गेला. तुम्ही त्या साफ जमिनीवर उभे राहून फोटो काढून घेतलात. ठेकेदाराने तुमच्या खांद्यावर हात ठेवला आहे. खालच्या वस्तीत मधमाश्या पाळणारी शरीफा नावाची वृद्धा होती. ती मला म्हणाली, "डोंगर झाडून झाला? यल्ला, चला, आता समुद्र पुसा."

एप्रिल संपायच्या आत पाऊस झाला. दोन तास. ओढ्याचे पाणी विटेच्या रंगाचे झाले. तिसऱ्या दिवशी मी सळया पाहायला गेलो. प्रत्येक सळई मी दोन बोटे वर ठेवून ठोकली होती. वरच्या उतारावरच्या सहा जशाच्या तशा होत्या. खालच्या उतारावर एक सहा बोटे उघडी होती, एक वीतभर, आणि एक पूर्ण सुटून खडकावर आडवी पडली होती. त्या डोंगरावर चार बोटे माती साठायला शेकडो वर्षे लागतात. ती दोन तासांत गेली. पुढच्या उन्हाळ्यात खालचे जुनिपर आणखी पिवळे पडले, आणि मग पिवळेही राहिले नाहीत.

चौकशी झाली. अरबी पान काढले गेले. खाली माझी सही होती. मला कायमच्या परतीचा शिक्का मिळाला. माझी जागा तुम्हांला मिळाली. कार्यालयातले माझे टेबल मला उघडू दिले नाही. खणात माझी मोजणीची वही होती.

तुम्ही तो खण उघडला असेलच.

दत्तात्रय खांबेटे


ताइफ,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

श्री. गायधनी,

शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, दुपारच्या नमाजानंतर तुम्ही आमच्या घरी आलात. पुढे कोणत्या अंकात या भेटीचे वर्णन 'गुरुशिष्यांची हृद्य भेट' असे करण्याचा मोह झाला, तर हे पत्र जवळ असावे.

तुम्ही जेद्द्याच्या शराफियातून काजूकतली आणली होती. आल्या आल्या वाकलात. मी पाय सोफ्यावर घेतले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी इतक्या चपळाईने पाय वर घेता आले, याचा मला स्वतःला अचंबा वाटला. मंजिरी तुम्हांला लहानपणापासून नव्हे, तरी भावासारखे मानत आली. तिने चहा ठेवला.

"विपुलदादा, साखर?"

"चालेल गं. सर, तब्येत कशी?"

"वाचण्याजोगी आहे," मी म्हणालो.

मग तुम्ही पिशवीतून माझी वही काढलीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. "ही तुमची ठेव. जपून ठेवली होती मी."

"अकरा वर्षे?"

"द्यायचीच होती, सर. राहून गेलं."

तन्वी सोफ्याच्या पाठीवरून डोकावली. पाने पाहून म्हणाली, "ओ माय गॉड, इज इट अ सीक्रेट कोड?" तिला सांगितले की, ही मोडी. तिचे पणजोबा रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होते; त्यांनी ती मला दहाव्या वर्षी शिकवली. हात न उचलता लिहिता येते. डोंगरावर वारा असतो आणि वही धरणारे माणूस थंडीने कुडकुडत असते, तेव्हा तिचा उपयोग होतो. "सो कूल," ती म्हणाली. तुमच्या चेहऱ्यावर मात्र तसे काही दिसले नाही.

कारण समितीने तुम्हांला सळया दाखवायला सांगितले आहे. मला ते डॉ. निदांकडून आदल्या दिवशीच कळले होते. तीनशे हेक्टरांच्या उतारावर बोटाएवढी जाड सळई, दोन बोटे वर. तुम्ही लिहिले होते, 'सळया राहिल्या'. त्या कुठे राहिल्या, हे लिहायचे राहून गेले.

तुम्ही कबूल केलेत की, पुण्यातल्या एका मोडीच्या जाणकाराला पानांचे फोटो पाठवून मजकूर लावून घेतला. त्याबद्दल मी त्या अनोळखी गृहस्थांचे अभिनंदन करतो. आमची मोडी सोपी नाही. तरीही काम झाले नाही, कारण सगळी अंतरे पावलांत आहेत, पावले माझी आहेत, आणि बाराही मोजण्या एकाच जागेपासून सुरू होतात.

"सर, फक्त एवढंच सांगा," तुम्ही म्हणालात. "वहीत सगळीकडे लिहिलंय, 'सुधा बसते तिथून'. काकू कुठे बसायच्या?"

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला.

ती पाचही दिवस तिथे बसली होती. मी ओरडून आकडे सांगायचो आणि ती लिहायची. मोडी तिला माझ्या वडिलांनीच शिकवली होती, आणि तिची वळणे माझ्याहून चांगली होती. ती माझ्या कामावर यायची, कारण इथे घरात एकटीने बसून तिला कंटाळा यायचा. ती कुठे बसायची हे डोंगरावर आलेल्या कोणालाही माहीत असते. न आलेल्याला ते विचारावे लागते. माझ्याच घरात, तिच्या मुलीच्या हातचा चहा पिता पिता विचारावे लागते.

"तुम्ही स्वतःच्या हाताने ठोकल्या ना?" मी म्हणालो. "मग हाताला विचारा."

"सर, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. तुमचं नाव, फोटो, सगळं. तुम्ही समितीला दोन बऱ्या ओळी लिहा, बस. जुनं खलास."

"आणि वरचा उतार?"

"पाच लाख रोपं आहेत, सर! टीव्हीवर येणार आहे. तुम्हांला तर आनंद व्हायला हवा."

"तिथे माती मनगटापर्यंत आहे. यंत्राचा दात कोपरापर्यंत जातो."

"मशीन नवं आहे, सर."

"माती जुनी आहे."

तेव्हा मंजिरी बाहेर आली. तिने तुमच्यापुढचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता. "दादा, उशीर होईल तुला. खाली घाट आहे," ती म्हणाली. हे तिने माझ्या बाजूने केले असे समजू नका. तुम्ही गेल्यावर ती माझ्यावरही बरीच रागावली.

वही मी तुम्हांला परत दिली, आणि तुम्ही गोंधळून ती घेतलीत. लेखात ती तुमचीच आहे. माझ्याजवळ तिची गरज नाही. २०२१ मध्ये मंजिरीने मला इथे आणल्यापासून (आता इकाम्यावर मी मुलीचा आश्रित आहे) मी दर वर्षी दोनदा त्या डोंगरावर चढतो आणि बाराही जागा पाहून येतो. गुडघे दुखतात. मोजणी अचूक आहे.

दत्तात्रय खांबेटे


ताइफ,
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

श्री. गायधनी,

मी माझे मत समितीला कळवले आहे. ते तुम्हांला दाखवण्याचे बंधन माझ्यावर नाही. परंतु तुमच्या पाठीमागे लिहिण्याची पद्धत तुमची आहे, माझी नव्हे. म्हणून मराठीत देतो :

"श्री. गायधनी यांनी छापील लेखात म्हटले आहे की, शफ्याच्या उतारावरील बारा सळया त्यांनी स्वतः ठोकल्या. मी म्हणतो की त्या मी ठोकल्या. दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. समितीने कोणावरही विश्वास ठेवू नये. दोघांनाही डोंगरावर न्यावे. आधी श्री. गायधनी यांनी चालावे. मोजणीची वही त्यांच्याजवळ आहे. बारांपैकी एक सळई जरी त्यांनी शोधून दाखवली, तरी त्यांच्या लेखाखाली मी सही करीन आणि पुन्हा या विषयावर एक शब्दही लिहिणार नाही. त्यांना एकही सापडली नाही, तर मी बाराही जागा दाखवीन, खालच्या आणि वरच्या मातीतला फरक समितीने आपल्या हाताने मोजावे, आणि त्या उतारावर यंत्र नेऊ इच्छिणाऱ्याला मातीविषयी किती माहिती आहे ते ठरवावे."

डॉ. निदांचा फोन आला. त्या मूळच्या नांदेडच्या आहेत. त्यांचे मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध आहे. म्हणाल्या, "सर, हे शिफारसपत्र आहे की समन्स?"

"निमंत्रण आहे," मी म्हणालो.

"तुम्हांला चढवेल का पण?"

"मी मागून येणार आहे. पुढे चालणाऱ्याची काळजी करा."

त्या हसल्या नाहीत. समितीने प्रस्ताव मान्य केला आहे, आणि तोपर्यंत यंत्रे थांबवली आहेत.

मंजिरी माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. काल म्हणाली, "बाबा, त्याला दोन मुलं आहेत. नोकरी गेली तर इकामा जाईल, शाळा सुटेल. तुम्हांला काय मिळणार आहे?" मी तिला सांगितले की, झाडून काढण्याच्या आधी, खालच्या उतारावर एकाच मेलेल्या बुंध्याच्या आडोशाला मी अकरा रोपे मोजली होती, बोटाएवढी, पाच-सहा वर्षांची. ती म्हणाली, "हे उत्तर नाही." ती बरोबर बोलली. ते उत्तर नव्हते. मला काय मिळणार आहे ते मी तिला सांगितले नाही, कारण मुलीपुढे ते बोलवत नाही. मला त्या चढावर तुमची पाठ पाहायची आहे. तुम्ही डावीकडे वळावे की उजवीकडे हे न कळून थांबता, ते पाहायचे आहे. अकरा वर्षे मी ते डोळे मिटून पाहिले आहे. आता उघड्या डोळ्यांनी पाहीन. वरचा उतार वाचेल, हा त्यातला चांगला भाग. तो नसता तरी मी हे केले असते, असे मला वाटते. हे वाक्य खोडावे की ठेवावे, याचा विचार करून ते ठेवले आहे.

आता तुम्ही कबुलीजबाब लिहायला बसाल. लिहू नका. जे बोलायचे ते वर, त्या मातीवर उभे राहून बोला.

तुमच्या लेखातील तारखा चुकीच्या आहेत. त्या दुरुस्त करून हा पत्रव्यवहार संपवतो.

१४ फेब्रुवारी २०१२, मंगळवार. पहिली पाहणी. तुम्ही मार्च लिहिले आहे. वाळलेला पहिला शेंडा तुम्हांला दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. तो सुधाला दिसला.

५ ते ९ मे २०१२, शनिवार ते बुधवार. कामाचे पाच दिवस. सळया बारा.

१२ मार्च २०१३, मंगळवार. तुम्ही लिहिता, अहवालावर सही कार्यालयाच्या बैठकीत झाली. मागच्या पत्रात मी स्थळ लिहिण्याचे टाळले; तीही दुरुस्ती करतो. सही जेद्द्यातील रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झाली. सुधाला शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. त्या पहाटे ताइफहून खाली उतरणाऱ्या हदाच्या घाटात धुके होते. ठरवलेल्या टॅक्सीवाल्याने नकार दिला. तुम्ही स्वतःची गाडी काढलीत, मक्केला वळसा घालणाऱ्या लांबच्या रस्त्याने, काच उघडी ठेवून, डोके बाहेर काढून चालवलीत. ती मागच्या आसनावर तुमचे जाकीट उशाला घेऊन निजली होती. आत जाताना म्हणाली, "विपुल, तू आहेस तोवर यांना एकटं सोडू नकोस." तुम्ही सोडले नाहीत. त्याच हाताने पान पुढे केलेत. घाटाची ही हकीकत तुमच्या लेखात कुठेच नाही. ती नसल्याने नोंद अपुरी राहते, म्हणून मी ती घालतो.

६ एप्रिल २०१३, शनिवार. उतार झाडण्यास प्रारंभ. तुम्ही तारीख दिलेली नाही.

२९ एप्रिल २०१३, सोमवार. पाऊस, दुपारी तीन ते पाच. तुम्ही 'जूनमधील अवकाळी पाऊस' लिहिले आहे.

१० जून २०१४, मंगळवार. मी हा देश सोडला. तुम्ही 'सर निवृत्त झाले' असे लिहिता. मला काढण्यात आले.

३ ऑगस्ट २०१५, सोमवार. सुधा गेली. तुम्ही २०१६ लिहिले आहे. त्या दिवशी तुमचा फोन चार वेळा आला. मी उचलला नाही.

१७ डिसेंबर २०२५, बुधवार. सकाळी आठ वाजता, शफ्याच्या वाहनतळापाशी. चढ दोन तासांचा आहे. तुम्ही पुढे चालाल. मी मागे असेन आणि काही बोलणार नाही.

दत्तात्रय खांबेटे